बोटांसाठी बीपीची गोळी?

"ताई, आईला बीपी नाहीये. डॉक्टरांनी चुकून दुसऱ्याची चिठ्ठी तर नाही ना दिली?"

डिसेंबरातली सकाळ होती. पंचवटीत आमचं मेडिकल आहे. निफाडकडून मोटारसायकलवर आलेल्या एका मुलाने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. वर निफेडिपिन, खाली सिल्डेनाफिल. पहिल्या औषधाबद्दल त्याने सरळ विचारलं. दुसऱ्याबद्दल चकार शब्द नाही. ते त्याने वाटेतच मोबाइलवर शोधलं असणार, कारण बोलताना तो माझ्याकडे न बघता शॅम्पूच्या पुड्यांकडे बघत होता.

मागे त्याची आई उभी होती. डोक्याला स्कार्फ, अंगावर शाल आणि दोन्ही हात काखेत खुपसलेले. "मावशी, हात दाखवा बरं." त्यांनी हात बाहेर काढले. डाव्या हाताची तीन बोटं मधल्या पेरापासून पुढे पांढरी फटक पडली होती, मेणबत्तीसारखी. पांढरं आणि सावळं यांच्यामध्ये पेनाने आखावी तशी रेघ. दुकानात उबेला येऊन पाचसात मिनिटं झाली तशी ती बोटं आधी जांभळी-निळी झाली, मग लालबुंद. "आता आग होते बघा," मावशी म्हणाल्या. "पांढरी असतात तोवर काहीच कळत नाही. सुई टोचली तरी कळणार नाही."

मावशी द्राक्षबागेत डिपिंगला जातात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. घडांची वाढ नीट व्हावी म्हणून मगात जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या औषधाचं, पाणी घेऊन एकेक घड त्यात बुडवतात. दिवसभरात शेकडो घड. हात ओले, वर मांडवाखालचा गारवा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमापीचा आकडा थंडीत वर्तमानपत्रात छापून येतो, त्याच तालुक्यातली ही सकाळ. चार हंगाम त्यांची बोटं अशी पांढरी पडत होती. गावाकडे "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, ताकदीची सलाइनं झाली. मग बोटातली अंगठी निघेना, कातडी ताठ झाली, भाकरीचा घास घ्यायला तोंड पुरेसं उघडेना. तेव्हा कुठे नाशिकच्या संधिवाततज्ज्ञांकडे आले. निदान झालं: सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे आपण ज्याला स्क्लेरोडर्मा म्हणतो तो आजार.

त्या दिवशी गर्दी नव्हती, म्हणून मी त्या दोघांना ती चिठ्ठी उलट बाजूने वाचून दाखवली. आधी आजाराचं कारण, मग त्यावरचं औषध. तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

स्क्लेरोडर्मा हे नाव ग्रीक. अर्थ, निबर झालेली कातडी. माझं या नावाशी भांडण आहे. कातडी डोळ्यांना दिसते म्हणून नाव तिला मिळालं, पण बहुतेकांमध्ये आजाराची पहिली खूण बारीक रक्तवाहिन्यांत उमटते, कातडी निबर व्हायच्या कितीतरी आधी. काहींना महिने आधी, काहींना कित्येक वर्षं आधी. डॉक्टर सांगतात की या आजाराचे तीन पाय आहेत: रक्तवाहिन्यांची बिघडलेली चाल, स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती आणि नको तिथे साचणारं कोलॅजेन, म्हणजे जखमेचा वण ज्या तंतूंनी भरतो ते तंतू. या लेखात मी पहिल्या पायाचंच बोलणार आहे. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी वेगळी औषधं असतात आणि फुफ्फुसात वण धरायला लागले तर तो वेगळाच मोठा विषय आहे.

मुलगा बागायतदाराचा. मी वाहिन्यांचं सांगायला लागले तसा तो म्हणाला, "म्हणजे ड्रीपसारखंच ना? मेन लाइन, सबमेन, लॅटरल, शेवटी ड्रीपर. हिचे ड्रीपर चोक झालेत."

उपमा चांगली आहे, अर्ध्या वाटेपर्यंत. हृदय म्हणजे मोटर, मोठ्या धमन्या म्हणजे मेन लाइन, आणि बोटाच्या टोकाशी केसाहून बारीक केशवाहिन्या. खरी देवाणघेवाण तिथेच होते. टोकाचं झाड आधी सुकतं हेही खरं. पण ड्रीपची नळी मेलेलं प्लास्टिक असते. रक्तवाहिनी जिवंत असते. ती स्वतः आकुंचन पावते, सैल होते, किती रक्त पुढे सोडायचं हे घडीघडीला ठरवते. आणि हे ठरवणारा कारभारी असतो तिच्या आतल्या बाजूचा एका पेशीच्या जाडीचं अस्तर. त्याला एंडोथेलियम म्हणतात.

शाळेत आम्हाला हे अस्तर म्हणजे नुसता गुळगुळीत गिलावा असल्यासारखं शिकवलं होतं. तो समज १९८० मध्ये मोडला. रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या धमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करताना दाखवलं की आतलं अस्तर शाबूत असेल तरच ती पट्टी विशिष्ट औषधाने सैल होते. अस्तर खरवडलं गेलं तर होत नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी निरोप स्नायूकडे जातो. तो निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्यासाठीच मिळालं. यातली गंमत अशी की हृदयाच्या दुखण्यावर दिलं जाणारं नायट्रोग्लिसरीन हेच काम करतं, आणि त्याच नायट्रोग्लिसरीनच्या डायनामाइटवर आल्फ्रेड नोबेल यांनी पैसा केला होता. म्हातारपणी त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना औषध म्हणून तेच लिहून दिलं.

अस्तर वाहिनीला सैल करायला नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडतं. आवळायची वेळ आली की एंडोथेलिन सोडतं. हे तिसरं १९८८ मध्ये जपानी संशोधकांना सापडलं. वाहिनी आवळणाऱ्या पदार्थांत ते फार जोरकस आहे. निरोगी माणसात हे सैल करणारे आणि आवळणारे निरोप तोलून मापून निघतात. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये अस्तराच्या पेशींनाच इजा होते. पहिला घाव कशाने बसतो यावर अजून एकमत नाही. प्रतिकारशक्तीने बनवलेली स्वतःविरुद्धची प्रतिद्रव्यं, विषाणू, दगडाची धूळ, अशी बरीच नावं घेतली जातात. दगडाच्या धुळीचा संबंध मात्र जुना आणि पक्का आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांमध्ये हा आजार जास्त दिसतो, असं १९५७ मध्येच नोंदलं गेलं. खडी क्रशरवर किंवा दगड घडवण्याच्या कामावर आयुष्य काढलेल्या माणसाची बोटं पांढरी पडत असतील, तर डॉक्टरांना कामाबद्दल न विसरता सांगावं.

इजा झालेलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी सोडतं आणि एंडोथेलिन जास्त. तराजूचं एक पारडं खाली गेलं. त्यात गारव्याची भर पडते.

पॅरिसच्या मॉरिस रेनो या तरुण डॉक्टरने १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात बोटांचं हे पांढरं-निळं-लाल होणं मांडलं. आपल्याकडे डॉक्टर त्याला रेनॉड म्हणतात. रेनोचं म्हणणं होतं की दोष मज्जातंतूंचा. ते अतिउत्साहाने वाहिन्या आवळायचा हुकूम देतात. १९२९ च्या सुमारास लंडनच्या थॉमस लुइस यांनी ते खोडलं. मज्जातंतू बधिर केले तरी गार पाण्याने बोट पांढरं पडतंच, तेव्हा दोष बोटातल्या वाहिनीतच आहे, असं त्यांनी म्हटलं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, हे पुढे कळलं. वाहिनीभोवतीच्या स्नायूपेशींत मज्जातंतूंचा हुकूम ऐकणारे काही 'कान' असतात. बोट उबदार असताना ते पेशीच्या आत दडून बसतात. बोट गार पडलं की ते पृष्ठभागावर येतात. हुकूम तोच असतो, पण ऐकणारे एकदम वाढतात. वाहिनी गच्च आवळते.

गारठ्यात हात आखडणं कुणालाही होतं, ते शरीराचं शहाणपण आहे. पोटातली-छातीतली ऊब राखायला शरीर टोकाकडचं रक्त आवरतं घेतं. ज्यांच्यात हे जरा अतीच होतं अशी माणसं शंभरात तीन ते पाच असतात, बहुतेक तरुण मुली. त्यांतल्या बहुतेकांना पुढे काहीही होत नाही. तेव्हा हा लेख वाचून हिवाळ्यात बोटं पांढरी पडणाऱ्या प्रत्येकीने रात्र जागून काढू नये. पण उलट बाजूने पाहिलं तर सिस्टेमिक स्क्लेरोसिस झालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना रेनॉड असतो, आणि बऱ्याचदा तोच सगळ्यांत आधी येतो.

मग कुणाचा साधा आणि कुणाचा या आजाराचा, हे ओळखायचं कसं? मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे शरीराला एक खिडकी आहे. नखाच्या मुळाशी, जिथे कातडीची पातळ कड नखावर येते, तिथे केशवाहिन्या कातडीला समांतर आडव्या असतात. बाकी ठिकाणी त्या उभ्या, म्हणून नुसता ठिपका दिसतो. इथे तेलाचा थेंब सोडून भिंगातून पाहिलं की आख्खी वाहिनी दिसते, केसात खोवायच्या आकड्यासारखी. निरोगी बोटात एका मिलिमीटरच्या रांगेत असे सातपेक्षा जास्त आकडे असतात, सारखे, शेजारी शेजारी, मळ्यातल्या ओळींसारखे. या आजारात सुरुवातीला काही आकडे फुगतात, ५० मायक्रॉनच्याही पुढे, म्हणजे नेहमीच्या दुप्पट-तिपटीहून जाड. मध्येच रक्ताचे बारीक ठिपके सांडलेले दिसतात. पुढे आकडेच नाहीसे होतात. ओसाड पट्टे पडतात, आणि उरलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या फांद्या फोडतात.

त्या फांद्या पाहून वाटतं शरीर नव्या वाहिन्या घालतंय. घालायचा प्रयत्न होतोच. रक्तवाहिन्या वाढवणारी रसायनं या रुग्णांच्या रक्तात कमी नसतात, उलट वाढलेली असतात. पण उगवतं ते धड काम करत नाही.

तपासणीला मोठं यंत्रच हवं असंही नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडचा डर्मोस्कोप, म्हणजे दिवा बसवलेलं हातातलं भिंग, सुरुवातीला पुरतो. मावशींच्या नखांवरही डॉक्टरांनी तोच टेकवला आणि मुलाला दाखवला. जाण्याआधी दोन गोष्टी सांभाळाव्यात. नेलपॉलिश नको आणि नखाच्या मुळाची कातडी कापू-खरवडू नये, नाहीतर खिडकीची काच आपणच फोडली असं होतं. पोचल्यावर पंधरावीस मिनिटं खोलीत निवांत बसावं.

नखाची तपासणी आणि रक्तातली विशिष्ट प्रतिद्रव्यं, या दोन्हींचं मिळून वजन किती, याचा एक चांगला अभ्यास कॅनडात झाला. नुसता रेनॉड असलेल्या ५८६ जणांवर तिथल्या डॉक्टरांनी बरीच वर्षं लक्ष ठेवलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांच्या दोन्ही तपासण्यांत एकही खूण सापडली नव्हती, त्यांच्यापैकी पुढे दोन टक्क्यांहूनही कमी जणांना हा आजार झाला. ज्यांच्यात दोन्ही खुणा होत्या, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्क्यांना झाला. मावशींच्या बोटांची पहिली पांढरी रेघ चार हंगामांपूर्वीची. तेव्हा कुणी नखावर भिंग धरलं असतं तर, हे माझ्या मनात आलं. मी त्यांच्यापुढे बोलले नाही.

आता बोटाच्या पुढे. आवळणं-सैल होणं हा अर्धाच भाग. प्रत्येक वेळी बोट पांढरं पडतं तेव्हा तिथल्या पेशी प्राणवायूसाठी तडफडतात आणि रक्त परत धावून आलं की त्या लोंढ्यानेही इजा होते. असं वर्षानुवर्षं चाललं की वाहिनीची भिंत आतून जाड होऊ लागते. कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर एकात एक थर दिसतात. मधलं भोक टाचणीच्या टोकाएवढंही उरत नाही. पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत याला कांद्याच्या पापुद्र्यांची उपमा आहे. लासलगावच्या तालुक्यातल्या माणसाला हे समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत.

"मग ड्रीपमध्ये सोडतो तसं ॲसिड सोडून साफ नाही करता येत?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. ड्रीपरमध्ये क्षार अडकतात, बाहेरून आलेला कचरा असतो, तो विरघळवता येतो. इथे कचरा काही नाही. भिंत स्वतःच आत वाढली आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारे 'नसांतले ब्लॉकेज खोलणारे' लसूण-लिंबाचे काढे इथे काही खोलत नाहीत. पिऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्यासाठी गोळी बंद केली की मला राग येतो.

तर चिठ्ठी. निफेडिपिन वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल करतं. ते बीपीवर चालतं ते याच कारणाने, आणि बोटांवर चालतं तेही याच कारणाने. त्याने रेनॉड जात नाही. झटके कमी होतात, सौम्य होतात. डोकं जड होणं, चेहरा तापणं, घोट्यांना सूज येणं हे त्याचे नेहमीचे त्रास. सूज आली म्हणून मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. ते डोस किंवा औषध बदलतात.

सिल्डेनाफिलचं ऐकताना मुलाने मान खाली घातली. मी आवाज न बदलता सांगितलं. हे औषध मुळात छातीत दुखण्यावर शोधत होते, तिथे फारसं जमलं नाही. १९९८ मध्ये ते पुरुषांच्या तक्रारीसाठी बाजारात आलं आणि जगभर गाजलं. पण काम तेच, वाहिनी सैल करणं. नायट्रिक ऑक्साइडचा निरोप पेशीत पोचला की काही वेळाने एक एन्झाइम तो पुसून टाकतं. हे औषध त्या खोडरबरालाच अडवतं. निरोप जास्त वेळ टिकतो. २००५ पासून ते फुफ्फुसातल्या वाहिन्यांच्या वाढलेल्या दाबासाठीही मान्य आहे. तिथे बाईमाणूस-पुरुष असा फरक काही नाही. मावशी शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग त्यात लाजायचं काय? बोटालाच देतात ना?" एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: घरात कुणाची छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी असेल तर ती या औषधासोबत कधीही नाही. दोन्ही मिळून बीपी धोकादायक पातळीपर्यंत खाली जातं.

बोटाच्या टोकाला जखम होण्याची वेळ या आजारातल्या जवळजवळ निम्म्या लोकांवर कधी ना कधी येते. तांदळाच्या दाण्याएवढी, पण दुखणं विंचू चावल्यासारखं, आणि भरायला महिने. मलम कितीही भारी लावा, खालून रक्तच येत नसेल तर जखम भरणार कशी? अशा वेळी कधी शिरेतून प्रोस्टासायक्लिनच्या जातीचं औषध देतात, कधी बोसेंटन लिहितात. बोसेंटन एंडोथेलिनचा हुकूम ऐकणारी जागा बुजवतं. अभ्यासांत त्याने नव्या जखमा कमी झाल्या, असलेल्या लवकर भरल्या असं मात्र दिसलं नाही. त्याच्यासाठी दर महिन्याला यकृताची तपासणी लागते, आणि दिवस जायची शक्यता असेल तर ते चालत नाही. बाळाला व्यंग येऊ शकतं.

बोटात जे चालतं तेच आत चालतं, फक्त तिथे खिडकी नाही. फुफ्फुसातल्या बारीक धमन्या अशाच जाड झाल्या की हृदयाच्या उजव्या बाजूला त्यांच्यातून रक्त ढकलताना धाप लागते. दहापैकी साधारण एका रुग्णाला हे होतं. सुरुवात फसवी असते. वणीच्या गडावर मागच्या वर्षी चढले होते, या वर्षी अर्ध्यातच बसावं लागलं, एवढंच. घरचे म्हणतात वय झालं. म्हणून संधिवाततज्ज्ञ बोटांच्या रुग्णालाही दर वर्षी टू-डी इको आणि फुफ्फुसातून वायू रक्तात किती पार होतो हे मोजणारी तपासणी करायला सांगतात. रुग्ण कुरकुरतात, "बोटं दुखतात, छातीचा फोटो कशाला?" त्या कुरकुरीला उत्तर हेच.

जठराच्या आतल्या अस्तरातही वाहिन्या अशाच फुगतात. दुर्बिणीतून पाहिलं तर कलिंगडावरच्या पट्ट्यांसारखे लाल पट्टे दिसतात. त्यातून थेंब थेंब रक्त झिरपत राहतं. हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी वर येईना, तर हेही कारण असू शकतं.

आणि मूत्रपिंड. हे जरा थांबून वाचा. आजार झपाट्याने पसरणारा असेल, तर पहिल्या चारपाच वर्षांत काहींच्या मूत्रपिंडातल्या वाहिन्या अचानक आवळतात. मूत्रपिंडाला वाटतं शरीरातच रक्त कमी झालं, म्हणून ते बीपी वाढवायचं रसायन सोडतं. त्याने वाहिन्या आणखी आवळतात, बीपी आणखी चढतं. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे धूसर होतं, लघवी कमी होते. एकेकाळी यातून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य होतं. मग हे चक्र मध्येच तोडणाऱ्या, कॅप्टोप्रिल ज्यांतलं पहिलं, अशा गोळ्या आल्या. अमेरिकेत १९९० मध्ये १०८ रुग्णांची आकडेवारी छापली गेली. या गोळ्या मिळालेल्यांपैकी ७६ टक्के वर्षभरानंतर जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी १५ टक्के. एका औषधाने एवढा फरक पडलेला मी फार ठिकाणी वाचलेला नाही. पण त्या वेळेवर मिळाल्या पाहिजेत, दिवस न घालवता. म्हणून अशा रुग्णाच्या घरी बीपीचं मशीन हवंच. वरचा आकडा नेहमीपेक्षा ३० ने किंवा खालचा २० ने चढला, तर वरचा १४० च्या आत असला तरी त्याच दिवशी डॉक्टर.

याला जोडूनच माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी मला खुपते. सांधे दुखतात म्हणून लोक चिठ्ठीशिवाय प्रेडनिसोलोन किंवा डेक्सा ही स्टेरॉइडं मागतात, आणि काही ठिकाणी मिळतंही. बाजाराच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या 'संधिवाताच्या पुड्यां'मध्ये काय कुटलेलं असतं हे विकणाऱ्यालाच ठाऊक. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये प्रेडनिसोलोन दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की मूत्रपिंडाचं हेच संकट ओढवायची शक्यता वाढते. डॉक्टरांनी मोजूनमापून दिलेलं वेगळं. मनाने घेतलेलं नको म्हणजे नको.

तसंच सर्दीच्या गोळीचं. नाक मोकळं करणाऱ्या बहुतेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं. नाक मोकळं होतं ते तिथल्या वाहिन्या आवळून, आणि गोळी पोटात गेल्यावर ती फक्त नाकातल्याच वाहिन्या शोधत बसत नाही. सर्दीची गोळी मागताना "मला रेनॉड आहे" एवढं काउंटरवर सांगा, आम्ही दुसरी देतो. अर्धशिशीच्या काही गोळ्या आणि बीपी-धडधडीवर देतात ते प्रोप्रॅनोलॉलही त्याच यादीत, ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

मी मावशींना विचारलं, "मिश्री लावता?"

त्या हसल्या, पदर तोंडाला लावला. मुलाला वाटलं मी दातांचं विचारतेय. बिडी-सिगारेट ओढू नका असं सगळे सांगतात. पण आपल्याकडच्या बायकांना मिश्री म्हणजे तंबाखू वाटतच नाही, ते दात घासणं वाटतं. भाजली काय, ओढली काय, निकोटिन तेच, आणि निकोटिन वाहिन्या आवळतं. सकाळी उठल्याबरोबर मिश्री, त्यानंतर गार पाण्याने चूळ, मग गोठ्यात. वाहिनीने सैल व्हायचं तरी कधी? "कमी करते," त्या म्हणाल्या. मी फार ताणलं नाही. चाळीस वर्षांची सवय एका काउंटरवर सुटत नसते.

उबेचं मात्र नीट सांगितलं. नुसते हातमोजे पुरत नाहीत. पोट-छाती गार पडली की शरीर बोटांचं रक्त काढून घेतंच. म्हणून आधी स्वेटर, कानटोपी, पायमोजे, आणि हातमोजे घराबाहेर पडायच्या आधी घालायचे, बोटं पांढरी पडल्यावर घालून फार उपयोग नाही. भांड्यांना रात्रभर टाकीत गार पडलेलं पाणी घेऊ नये. बोअरचं ताजं उपसलेलं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. शेकोटीपाशी बसावं, पण बोटं आगीजवळ धरू नयेत. बधिर बोटाला चटका कळत नाही आणि त्या बोटाची भाजलेली जखम म्हणजे महिनाभराची निश्चिंती. कढत पाण्यातही तसंच. कोमट पाणी, किंवा काख. काख सगळ्यात बरी.

आणि डिपिंग? रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे, असा एक तोडगा मुलानेच काढला. मुकादमाने दया येऊन त्यांना पॅकहाउसमध्ये हलकं काम देऊ केलं होतं. मी आधी "फार छान" म्हणून बसले. मग लक्षात आलं, द्राक्षं टिकावीत म्हणून तिथे गारवाच ठेवतात. बागेपेक्षा वाईट. शेवटी त्यांनी ऊन वर आल्यावर, दहानंतर कामाला जायचं ठरलं. मजुरी त्या मानाने कमी.

जानेवारीत मुलगा एकटाच गोळ्या न्यायला आला. पिशवीतून त्याने बागेची वही काढली, फवारणीच्या नोंदींची, मेणचट डागांची. एका पानावर डाव्या बाजूला भुरीच्या औषधाचं नाव, टाकीचं माप आणि मारल्याची तारीख. उजव्या बाजूला त्याच तारखेला बॉलपेनने: "आई, सकाळी ११८/७६. उजवं मधलं बोट, दोनदा पांढरं. मिश्री एकदाच."